भिकनच्या छातीवरचं तेज

नेत्रानंद महाराज आले की सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या चाळीत पाण्याची रांग मोडायची आणि दर्शनाची लागायची. महाराजांच्या कॅमेऱ्याला हाताने फोकस करायची जुनी, जाडजूड लेन्स होती. ती म्हणे हिमालयात गुरूंनी दिलेली. तिच्यातून पाहिलं की बऱ्या झालेल्या भक्तावर तेज दिसायचं. हिमालयात लेन्सचं दुकान कुठे आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या भिकनला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी उतारही पडत होता. महाराजांनी त्याला खिडकीत बसवून फोटो काढला. फोटोत छातीवर पांढरं तेज!

"रोग जल गया, बेटा! अब दवा खाएगा तो गुरु का अपमान होगा."

भिकनची बायको सरलाबाई फोटो घेऊन माझ्याकडे धावत आली. "देखा मास्तर, छातीवर उजेड शे! आते गोया कसाले?"

मी ओरडलो, समजावलं. गोळ्या तोवर गटारात गेल्या होत्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि हौसेने जुन्या लेन्स पारखतो. हे कळल्यावर महाराजांना अवदसा आठवली. पुढच्या दर्शनाला भर गर्दीत त्यांनी लेन्स काढून माझ्या हातात दिली. "मास्टरजी, आप ही बताइए, कैसी चीज़ है!"

लेन्स पारखताना मी आधी रिंग फिरवून बघतो, मग मागून बॅटरी मारतो. मारली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

"या, बघा सगळे," मी म्हणालो. "अशी लेन्स उजेडासमोर धरली की उजेड फाकतो, धुकं दिसतं. हेच तुमचं तेज."

लेन्स पुन्हा कॅमेऱ्याला लावून मी खिडकीत शेजारच्या सुकलालचा बोकड उभा केला. कॅमेऱ्यातून बोकड तेजस्वी दिसला. त्याचं तोंड उजेडाकडे करून मी खिडकीच्या बाजूने पाहिलं, तेज गायब. ज्याला बरा ठरवायचा, त्याला महाराज खिडकीकडे पाठ करून बसवायचे. एवढाच गुरुमंत्र.

"बकरे में भी आत्मा है," महाराज पुटपुटले. लोक पोट धरून हसले. भिकनही हसायला गेला आणि त्याच्या रुमालात रक्त आलं.

औषध मधेच सोडल्यामुळे रोग आता त्या गोळ्यांना जुमानत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात भिकन गेला. घरात त्याचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून हार त्याच फोटोला घातला.

"हाऊ उजेड पुसता ई का, मास्तर?" सरलाबाईने विचारलं.

तो पुसता येत नाही. तुमच्या घरी कोणी खोकत असेल तर गोळ्या शेवटपर्यंत द्या. आणि कोणी तेज दाखवलं, तर आधी खिडकी कुठे आहे ते बघा.