फोलपटांची उशी

ही १९३७ सालची गोष्ट. त्या वर्षी कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरच्या मादावास्काच्या खोऱ्यात थंडी आली, पण चांगल्या पाहुण्यासारखी आली नाही. एकदाची येऊन ठाण मांडून बसली असती, तर लोकांनी तिच्याशी जमवून घेतलं असतं. पण दिवसा पाऊस, पावसात बर्फाचा चिखल, आणि सूर्य टेकडीआड गेला की सगळ्याचा दगड. दारांच्या कड्या गोठायच्या, घोड्याच्या शेपटीला काचेचे मणी लटकायचे. जमिनीत पुरलेल्या सापळ्यांची तर बोलायलाच नको अशी गत. भिजलेली माती गोठली की लोखंडी जबडा तिच्यात असा रुतून बसे, की कोल्ह्यानं वर उभं राहून नाच केला तरी मिटायचा नाही.

ओबेलीनला हे सगळं त्याच हिवाळ्यात कळलं. तोवर टेकडीवरचे सापळे हे नवऱ्याचं काम होतं आणि कातडी ताणून वाळवणं हे तिचं. नोव्हेंबरात तिचा नवरा आल्फे गोठ्याच्या माळ्यावर चढला, तो कुट्टूच्या फोलपटांचं पोतं खाली काढायला. कुट्टूचं धान्य भरडलं की त्याची काळी, तिकोनी, हलकी टरफलं गिरणीत उरत. ती भिजली तरी एकमेकांना धरून गोठत नाहीत. म्हणून खोऱ्यातले शहाणे लोक सापळ्याच्या खाली-वर त्यांचीच गादी करत. आल्फेनं पोतं खांद्यावर घेतलं, शिडीची वरची पायरी निसटली, आणि तो पोत्यासकट शेणाच्या नालीत पडला. पोतं खाली आलं म्हणून डोकं वाचलं. पाय वाचला नाही, आणि पोतंही नाही. फुटून सगळी फोलपटं शेणामुतात गेली.

गिरणीवाल्याकडे जावं, तर त्याच्या छपराचे पत्रे शरदातल्या वादळानंच उडवले होते. फोलपटांचा ढीग आठवडेच्या आठवडे भिजून आतपर्यंत गोठला होता. "कुऱ्हाड आणलीस तर तुकडा तोडून देतो," तो म्हणाला. "घराच्या पायाला दगड म्हणून लाव."

एरवी एक हिवाळा सापळ्यांवाचून गेला असता. पण टेकडीचा प्रश्न होता. ती टेकडी कुणाच्याच नावावर नव्हती. आल्फेच्या वडिलांनी, ओनेझीमनी, तिथे पहिल्यांदा सापळे लावले म्हणून ती त्यांची म्हणायची. गावची रीत एवढीच: ज्याचा सापळा चालता, त्याची टेकडी. गोठलेला सापळा म्हणजे सोडून दिलेली जागा. कुणाला शंका आली तर त्यानं सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला, चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर, काठी घेऊन यावं आणि आपल्या पसंतीच्या एका सापळ्यावर ती टेकवावी. सापळा मिटला तर काठी गेली, नाही मिटला तर टेकडी.

नाताळाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आल्फेचा चुलतभाऊ विताल टोपी हातात घेऊन समोर आला. तिशी उलटलेला, बिनलग्नाचा, मनानं वाईट नव्हे. पण त्याच्या वाट्याला टेकडी नव्हती आणि ओनेझीमच्या टेकडीवर त्याचा लहानपणापासून डोळा होता.

"वहिनी, आल्फेचा पाय कसा आहे?"

"आहे जागेवर. थोडा वाकडा आहे, पण जागेवर आहे."

"आणि सापळे?"

"तेही जागेवर आहेत."

"जागेवर काय, दगडही असतो," विताल म्हणाला. "यंदा काठी घेऊन यावं म्हणतो. राग मानू नका. रीतच आहे."

ओबेलीनच्या मागे तिची सासू फेब्रोनी उभी होती. काळी शाल, काळा टोप, आणि त्यातून बाहेर आलेलं तेवढंच टोकदार नाक. "ये की," ती म्हणाली. "तुझ्या बापानंही एकदा आणली होती. अर्धी घेऊन परत गेला."

"तेव्हा काका होते, काकू."

"आता ही आहे," फेब्रोनी म्हणाली. पण ते तिनं असं म्हटलं, की त्यातून काहीच कळेना.

ओबेलीन नदीपलीकडची. नदी ती केवढी, पलीकडचा कुत्रा भुंकला तर अलीकडचा उत्तर द्यायचा. बोली तीच, प्रार्थना त्याच. तरी पलीकडे देश दुसरा होता, आणि लग्नाला चार वर्षं झाली तरी सासूच्या तोंडी ती "पलीकडची"च होती. भाकरी करपली की पलीकडची, टाका चुकला की पलीकडची.

घरी आल्फे चुलीजवळच्या बाकावर पाय लांब करून पडलेला असे आणि तिथून सरदारासारखे हुकूम सोडे.

"मीठ घालून बघू का मातीत?" ओबेलीननं विचारलं.

"घाल. सापळा गंजेल, आणि कोल्हा नदीपलीकडून हुंगून म्हणेल, अरे वा, आज आल्फेकडे खारवलेलं मांस आहे."

"मग माती भट्टीत वाळवते."

तिनं पावाच्या साच्यांत माती भरून भट्टीत वाळवली, चाळणीनं चाळली. मुरंब्याच्या बरण्यांवर ओतायचं मेण वितळवून जुन्या कागदांना चोपडलं, म्हणजे सापळ्याच्या मधल्या चकतीवर ते झाकता येतील आणि खाली ओल जाणार नाही. दोन दिवस घराला पेटलेल्या शेतासारखा वास येत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना फेब्रोनीनं प्लोयचा घास घेतला. प्लोय म्हणजे एकाच बाजूनं भाजायची, जाळी पडलेली कुट्टूची पिवळी धिरडी. दाताखाली कचकन वाजलं. तिनं घास सावकाश चावला, गिळला, आणि म्हणाली, "टेकडी जायच्या आधीच आपण तिला खायला लागलो वाटतं."

आल्फे इतका हसला, की पायाला कळ लागून ओरडला.

एवढं करून ती वाळवलेली माती एक दिवस टिकली. दिवसाच्या पावसात तिनं तहानलेल्या वासरासारखं पाणी पिऊन घेतलं आणि सकाळी पुन्हा दगड. ओबेलीन टेकडीवर गुडघे टेकून बसली आणि मिटेल का म्हणून मुठीनं ठोकून पाहिलं. मूठ दुखली.

नाताळ झाला. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी ती सासूचं अंथरूण घालत होती. उशी झटकायला उचलली, आणि हातात खसखस असा आवाज झाला. चार वर्षं ती रोज ती उशी झटकत होती, पण आवाज त्या दिवशी ऐकला. फोलपटं! आत कुट्टूची फोलपटं होती, कोरडी ठणठणीत, घट्ट भरलेली. ती उशी कानाशी धरून उभीच राहिली.

"काय गं पलीकडचे?" दारात फेब्रोनी होती. "माझी स्वप्नं ऐकतेस?"

ओबेलीननं उशी झटकन जागेवर ठेवली. मागायचं कसं? ती उशी फेब्रोनीच्या आईनं तिच्या लग्नात भरून दिली होती. त्या उशीवर तिनं मुलं वाढवली, नवरा गेल्यावर रडून घेतलं. रोज रात्री डोकं दुखतं म्हणून कपाळाला आणि कानांमागे हंसाची चरबी चोळून ती तिच्यावरच डोकं टेकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या वर्षाच्या पापे-आशीर्वादांनंतर, फेब्रोनी स्वयंपाकघरात उशी आणि कात्री घेऊन आली. दोन्ही टेबलावर ठेवली.

"टाके तू उसव. माझे डोळे चालत नाहीत."

"आई, पण तुम्ही झोपणार कशावर?"

"उशी नसली तरी झोप येते. टेकडी गेली तर येणार नाही." मग कात्री पुढे सरकवत, "आणि तोंड मिट. माशी जाईल."

बाकावरून आल्फेनं मान उचलली. "आई, पण त्याला तुझ्या डोक्याचा वास असणार. माणसाचा वास लागला तर कोल्हा फिरकायचा नाही."

"माझ्या डोक्याला वास येतो?"

"येतो म्हणजे... आहे."

"तुझ्या पायाला येतो तसा?"

शेवटी फोलपटं माळ्यावर, फरच्या झाडाच्या हिरव्या फांद्यांवर पसरून ठेवायची ठरली. थंड वाऱ्यानं वास जाईल आणि झाडाचा लागेल. निघताना ओबेलीन टोपलीत भरून घ्यायला गेली, तर टेकडीवरच्या चार सापळ्यांना पुरतील एवढीच निघाली. पाचवा सापळा झऱ्याखालच्या खळग्यात होता. तिथे सगळीकडचं पाणी येई. उशीच्या खोळीच्या कोपऱ्यांत मूठ-दोन मुठी फोलपटं अजून चिकटून होती, चरबीनं तुकतुकीत झालेली. तिनं खोळ उलटी करून तीही घेतली. खळग्यात कोल्हा कशाला येतो? काठी टेकवली तर मिटला म्हणजे झालं.

फेब्रोनी तिला निरोप द्यायला फाटकापर्यंत आली. "खळग्यातला उघड्यावर नको लावू. तिथे स्प्रूसचं एक वाकडं झाड आहे, त्याच्या खालच्या फांद्यांच्या परकराखाली घाल. ओनेझीम तिथेच घालायचे. खाली काटक्या पसर, मग फोलपटं, मग सापळा. पाणी खालून जाऊ दे."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

टेकडीवरच्या चार सापळ्यांना ओबेलीननं आल्फेनं दिलेला सडक्या माशांचा वास लावला. खळग्यातल्याला काहीच लावलं नाही.

राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी पाऊस आला आणि पडता पडताच गोठला. सकाळी सगळं खोरं काचेत घातल्यासारखं झालं होतं. प्रत्येक फांदीला काचेची नळी. वारा आला की अख्खं रान बांगड्यांसारखं किणकिणे. मिस्सेत ओबेलीनचं कशातच लक्ष नव्हतं. वर काचेचा थर चढला असेल तर खालची फोलपटं काय करणार?

विताल काठी घेऊन पायऱ्यांवर थांबला होता. छान सोललेली, मेपलची. फेब्रोनीही निघाली. "काकू, घसराल," तो म्हणाला. "मी ही टेकडी तू रांगत होतास तेव्हापासून चढते आहे," ती म्हणाली आणि सुनेचा दंड धरून चालू लागली. तो दंड तिनं यापूर्वी कधी धरला नव्हता.

टेकडीच्या पायथ्याशी विताल थांबला. वर उजव्या हाताला चार सापळे, डावीकडे झऱ्याचा खळगा. त्यानं विचार केला. विचार काय करायचा होता! पाणी जिथे सगळ्यात जास्त, तिथेच सापळा हमखास गोठलेला.

"खळग्यातला बघू," तो म्हणाला.

ओबेलीनच्या दंडात फेब्रोनीची बोटं रुतली.

तिघं खाली उतरले. वाकड्या स्प्रूसच्या फांद्या काचेनं जड होऊन जमिनीला टेकल्या होत्या. विताल वाकला, काठीनं फांद्या बाजूला केल्या, आणि तसाच वाकलेला राहिला.

आतून एक तांबडा कोल्हा त्याच्याकडे बघत होता. पुढचा पंजा सापळ्यात, शेपटी पायांभोवती नीट गुंडाळलेली. खाली सगळं कोरडं, काळी फोलपटं इकडेतिकडे उधळलेली. पाहुणे उशिरा आले म्हणून नाराज झालेल्या यजमानासारखा त्याचा चेहरा होता.

विताल काठी घेऊन नुसता उभा. टेकवायची कुठे?

"ती काठी राहू दे हातात," फेब्रोनी म्हणाली. "परत जाताना उतारावर उपयोगी पडेल."

वितालनं आधी तोंड वाकडं केलं, मग त्यालाच हसू फुटलं. त्यानं टोपी काढली. "वहिनी, टेकडी तुमची. काकांची शपथ, मी पुन्हा विचारणार नाही." कोल्ह्याचं काम ओबेलीननं आल्फेनं शिकवलं होतं तसं, एका घावात उरकलं. तो गडद, दाट केसांचा होता. विताल त्याला खांद्यावर टाकून पुढे निघाला. "तेवढं तरी टेकडीवरून नेऊ दे," म्हणाला.

तो वळणाआड गेल्यावर ओबेलीन म्हणाली, "आई, वरचेही बघून येऊ."

वरचा पहिला सापळा काचेखाली होता. तिनं मुठीनं ठोकलं. दगड. दुसरा, दगड. तिसऱ्यावर तिनं बूट ठेवून अंगाचा भार टाकला, तरी तो ढिम्म हलला नाही. चौथ्याकडे जायची गरजच उरली नाही. उघड्यावर होते ते सगळे काचेनं सीलबंद झाले होते. वितालनं उजवीकडे पाऊल टाकलं असतं तर संपलं होतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. "शहाणा माणूस," फेब्रोनी म्हणाली. "सगळ्यात वाईट तेच निवडलं."

"पण आई, तिथे मी वास लावलाच नव्हता. कोल्हा आला कशाला?"

फेब्रोनीनं नाक वर करून विचार केला. "फोलपटं कुठली घातलीस?"

"कोपऱ्यांतली. चरबी लागलेली."

"म्हणजे तो..."

"तुमच्या डोक्यावर भाळला, आई."

फेब्रोनी आधी रागावणार असं वाटलं. मग तिच्या शालीत काहीतरी हलायला लागलं, आणि ती हसत हसत बर्फात बसलीच. "चाळीस वर्षं ओनेझीम म्हणायचे, त्या चरबीचा वास धुऊन ये!" ती डोळे पुसत म्हणाली. "आणि हे बघ. कुणाला तरी आवडला. उठव गं मला, सूनबाई."

तो शब्द ओबेलीननं ऐकला. तिनं हात पुढे केला.

त्या दिवशी दुपारी वितालला जेवायलाच ठेवून घेतलं. राजांच्या सणाचा केक कापला. ज्याच्या तुकड्यात शेंगदाण्याएवढा वाल निघेल तो त्या दिवसाचा राजा. वाल वितालच्या दाताखाली आला.

"मिळालं ना राज्य शेवटी?" आल्फे बाकावरून म्हणाला. "टेकडी नाही तर नाही."

त्यानंतर विताल खरंच पुन्हा काठी घेऊन आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो नदीपलीकडच्या कागद कारखान्यात लागला, तिथलीच एक विधवा त्यानं केली, आणि फेब्रोनी तिलाही "पलीकडची" म्हणू लागली. ती मेपलची काठी म्हातारपणी त्याच्या हातात होती. आल्फेचा पाय थोडा आखूड जुळला. तो म्हणे, टेकडीच्या एका बाजूनं चढायला उलट बरं पडतं. पण सापळे त्याला पूर्णपणे परत मिळाले नाहीत. अर्धे ओबेलीननंच ठेवले, आणि फांद्यांच्या परकराखाली घालण्याचं तिचं कसब पुढे सगळ्या गावानं उचललं. गिरणीवाल्यानं वसंतात छप्पर नवं केलं. फोलपटांचं पहिलं कोरडं पोतं त्यानं स्वतःहून फेब्रोनीकडे पोचवलं. ओबेलीननं उशी भरली, टाके बारीक घातले. फेब्रोनी त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत कपाळाला हंसाची चरबी चोळूनच त्या उशीवर निजली. ती गेल्यावर उशी ओबेलीनकडे आली. टेकडीवर आता नुसतं रान आहे, कातडी कुणी घेत नाही, आणि कोल्हे दिवसाढवळ्या रस्ता ओलांडतात. ओबेलीन धाकट्या मुलीकडे राहत होती तेव्हा मुलीनं तिला पिसांची मऊ उशी आणून दिली. तिनं ती आभार मानून खुर्चीवर ठेवली, आणि रात्री डोकं टेकताना तीच जुनी खसखस ऐकली.