पायाळूची पाठ

पिंपळगाव राजात प्रेरणाच्या डाव्या पायाला जो मान होता, तो तिच्या बी.ए.च्या मार्कशीटला कधी मिळाला नाही. पोरगी पायाळू. आईच्या पोटातून डोकं नाही, पाय पुढे करून आलेली. अशा माणसानं पाठीवर लाथ मारली की भरलेली उसण निघते, हे त्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं, आणि तिची आई वच्छलाबाई झोपेतल्या पोरीला उचलून त्याच्या पाठीवर उभी करायची. तीन लाथा, की माणूस कंबर चोळत घरी. या पायापायी गावात वच्छलाबाईचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं.

हीच पोरगी चोविसाव्या वर्षी पाठीवर ढब्बू सॅक लटकवून सातपुड्यात हिंडायला लागली, तेव्हा गावानं नाकं मुरडली. खामगावच्या एका भटकंती ग्रुपात ती वाटाडी झाली होती. संग्रामपूरच्या पुढे डोंगराला लागायचं, तीन-तीन दिवस पायी, आणि तंबू, शिधा, पाणी सगळं आपापल्या पाठीवर. बाप रामराव कुरकुर करायचा, पण मोटारसायकलवर तिला खामगावपर्यंत सोडायलाही तोच जायचा. आणि आता येत्या रविवारी बारा बायकांची मोहीम निघणार होती. पुढारी प्रेरणा. तिच्यावर कोणी साहेब नाही, तिच्या हाताखाली बारा जणी. ती महिनाभर नुसती हवेत होती.

नेमकं तेव्हाच हातानं दगा दिला. मागच्या फेरीत दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंग्या चालायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पाठ ताठली आणि हातातला चहाचा कप सुटून दगडावर फुटला. तिनं कोणाला सांगितलं नाही. पण घरी भाकर थापताना हात मध्येच थांबला, अन् वच्छलाबाईच्या नजरेतून काही सुटतं होय?

झालं. दुपारपर्यंत गावभर. पायाळूचीच पाठ धरली म्हणे. पोरगी रानावनात हिंडली, कुठंतरी काहीतरी ओलांडलं, पायातला गुण गेला म्हणे. ज्यांनी वीस वर्षं तिच्याकडून फुकटात लाथा खाल्ल्या, तेच आता माना हलवून राह्यले होते. या लोकांचं काय करावं, तुम्हीच सांगा.

प्रेरणा गुपचूप खामगावला गेली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट प्राची मॅडमनी तिचा हात वर-खाली करून पाहिला, खांद्याच्या खाली बोट दाबलं, तर पोरगी कळवळली. मग मॅडमनी तिनं सोबत आणलेली सॅक उलटसुलट पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, हिचा कमरेचा पट्टा कुठं आहे?

पट्टा होता तर. पण सॅक घरी आली त्याच दिवशी वच्छलाबाईनं तो विळ्यानं कापला होता. खाली नुसता लोंबतो, कशात तरी अडकून पोरगी पडेल, म्हणून. आणि एवढा मजबूत पट्टा वाया कशाला घालवायचा, म्हणून तो वासराच्या गळ्यात बांधला होता. प्रेरणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ओझं एक तर डोक्यावर, नाही तर खांद्यावर. ते कमरेनं पेलायचं असतं हे पिंपळगावात कोणाच्या बापाला ठाऊक होतं? पंधरा किलो वजन दोन वर्षं नुसत्या खांद्यांवर लटकत होतं आणि आतली नस चेपत होतं. मॅडमनी साफ सांगितलं की दोन महिने खांद्यावर काही घ्यायचं नाही, रोज व्यायाम करायचा. ओझं बाकीच्यांनी वाटून घेतलं तर चालायला मात्र हरकत नाही, आणि पाठीवर लाथबिथ कोणाला मारू द्यायची नाही.

हे घरी सांगितलं तर आई तोंड फिरवून बसली. पट्ट्याचं बोलणं तिला लागलं होतं. शनिवारी सकाळी तिनं संग्रामपूरकडून जीप करून रुखमाबाईला आणवलं. रुखमाबाई सत्तरीची, त्या भागातली सगळ्यात जुनी पायाळू. ओट्यापुढं पंचवीस माणसं जमली. रामरावानं सगळ्यांसमोर अट घातली की रुखमाबाईची लाथ घेतली तरच रविवारी जायचं, नाही तर सॅक कायमची माळ्यावर.

प्रेरणाच्या डोक्यात तिडीक गेली. बारा बायका उद्या तिच्या भरवशावर निघणार, आणि इथं तिला गोधडीवर पालथी पाडायचं चाललं होतं.

"मी नाही झोपत," ती म्हणाली. "माही नस चेपली हाय बाबा. लाथेनं हात कायमचा गेला तर कोन देईल? हे समदे देतील?"

रामराव गडबडला. पंचवीस माणसांत पोरीनं बापाला उलट बोलावं, हे त्या ओट्यानं पाहिलं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं की धरा पोट्टीले, भलं तिचंच हाय. दोघी-तिघी पुढं झाल्याही. प्रेरणा भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि जी जवळ येईल तिला चावेन अशी तिची नजर होती.

रुखमाबाई एवढा वेळ खाटेवर बसली होती. तिला दोघींनी धरून उठवलं. तिनं डावा पाय गोधडीवर ठेवला, उजवा टेकवायला गेली आणि मटकन खालीच बसली. बायका धावल्या. तिनं त्यांना हातानं दूर सारलं.

"मले उठवू नका," ती म्हणाली. "बारा वर्षं झाले, या पायाले मुंग्या येतात. कंबर तर कवाच गेली."



"मंग सांगतलं काऊन नाही, रुखमामाय?" प्रेरणानं विचारलं.

"कोनाले सांगू? पायाळूले कोन इचारते, बाई तुही पाठ दुखते का म्हनून?" म्हातारी रामरावाकडं वळली. "लोकं मले गाडीत घालून नेतात, लाथ मारून घेतात, आनून सोडतात. सातपुडा माह्या दारातून दिसते, पाटील. सत्तर वर्षं पाहून राह्यली. माह्या मनानं एक टेकडी नाही चढली मी. हिले जाऊ द्या."

रामरावाची मान खाली गेली. वच्छलाबाईनं डोळ्याला पदर लावला. प्रेरणा भिंतीपासून पुढं आली, गोधडी गोळा केली आणि आईच्या हातात दिली. मग तिनं गर्दीकडं पाहिलं. लहानपणापासून तिनं त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या नुसत्या पाठीच पाहिल्या होत्या.

"ज्याले मुंग्या येतात त्यानं खामगावले जाऊन दाखवावं," ती म्हणाली. "माहा पाय आता लाथा माराले नाही. चालाले हाय."

मग तिनं जीपवाल्याला थांबायला सांगितलं. जीप आता संग्रामपूरला जाणार नव्हती, आधी खामगावला, प्राची मॅडमकडं जाणार होती. तिनं डावा हात रुखमाबाईच्या काखेत घातला. दुसऱ्या बाजूनं म्हातारीला धरायला कोणीच पुढं येईना, तेव्हा रामराव ओट्यावरून उतरला.