बुधवारचा दान्सोन

"...आणि आज संध्याकाळी पाचला चौकात दान्सोन," ऑल्डन रेडिओच्या माइकवर सांगत होता. "साडेचारला सगळ्यांनी धक्क्यावर या. बायकांनी आपापले पंखे आणा, मागच्या खेपेसारखी माझी टोपी पळवू नका."

बोटीच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता व्हर्नाचा हात थांबला. आज बुधवार होता. मेक्सिकोतल्या मासात्लानच्या चौकात दान्सोन नाचाचा बँड वाजतो तो फक्त रविवारी, आणि हे ऑल्डनइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. सात हिवाळे झाले, कॅनडातली थंडी चुकवायला हे नवराबायको आपली शिडाची बोट इथे बेटाच्या आडोशाला आणून नांगरत होते. आणि रोज सकाळी आठ वाजता आसपासच्या सगळ्या बोटींना रेडिओवरून भरती-ओहोटी, वारा आणि गावातल्या गमतीजमती सांगायचं काम ऑल्डनकडे होतं.

ती एक वाक्य बोलली असती तर चूक तिथल्या तिथे निस्तरली असती. पण जीभ उचलेना, कारण ही पहिली चूक नव्हती.

दहा दिवसांपूर्वी त्याने भलत्याच दिवसाची भरती वाचून दाखवली. शेजारच्या बोटीवरचा गुन्नार त्या भरवशावर खाडीत शिरला आणि पाच तास गाळात रुतून बसला. संध्याकाळी तो रबरी होडी वल्हवत आला आणि ऑल्डन झोपलाय असं बघून हलक्या आवाजात म्हणाला, "व्हर्ना, त्याच्याकडून तो माइक काढून घे. खरं तर मीच त्याला सांगायला हवं, पण माझी छाती होत नाही. आज गाळ होता म्हणून निभावलं, खडक असता तर?"

"रविवारपर्यंत सांगते," ती म्हणाली होती. रविवार आला नि गेला.

सांगणार तरी कसं? तिकडे हा माणूस एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीतले पंप दुरुस्त करत होता. पंप बंद पडला की सगळ्यांना ऑल्डन आठवायचा आणि सुरू झाला की कोणालाच नाही. निवृत्त झाल्यावर तर घरातला फोनही वाजेना. इथे मात्र चाळीस बोटी त्याच्या आवाजाने जाग्या व्हायच्या. बेसबॉलच्या सामन्याला त्याने सगळ्यांना लाल टोप्या घालून नेलं होतं. चर्चच्या अंगणात चित्रांवर मक्याचे दाणे ठेवायच्या खेळात त्याला बक्षीस म्हणून जिवंत कोंबडी मिळाली आणि ती तीन दिवस बोटीवर पाहुणचार घेत राहिली. एकदा सर्कस आली, तीत एकच म्हातारा उंट होता, आणि तो उंट याच्याच टोपीवर शिंकला. व्हर्नाला हे सगळे हिवाळे आता एकमेकांत मिसळलेले दिसायचे, दुपारच्या झोपेत दिसावेत तसे. आधी कोंबडी की आधी उंट, तिलाही सांगता आलं नसतं. मग त्याला एकट्यालाच का नावं ठेवायची?

रेडिओ खरखरला. "गुन्नार बोलतोय. ऐकलं. पाच वाजता येतो." मग दुसरी बोट बोलली, मग तिसरी. या दर्यावर्दी मंडळींना वाराचा पत्ता क्वचितच असायचा. सगळेच चुकले की काय, तिला कळेना.

सव्वाचारला अकरा रबरी होड्या धक्क्याकडे निघाल्या. उन्हाने पाणी तुपासारखं पिवळं झालं होतं. बायकांनी ठेवणीतले फ्रॉक काढले होते आणि गुन्नारने चक्क दाढी केली होती. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं, तर तो आकाशातले पक्षी मोजू लागला. तेव्हा तिला कळलं की चुकलेलं कोणीच नाही.

चौकात वेटर खुर्च्या मांडत होते. बँडच्या लोखंडी मंडपात कबुतरं फिरत होती. ऑल्डनने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याचे कान लाल झाले. व्हर्ना त्याच्याजवळ सरकली. आता इतक्या माणसांसमोर त्याला काय सांगायचं?

शेजारच्या बाकावर एलिसेओ मास्तर चिंचेचा बर्फाचा गोळा खात बसले होते. रविवारी पांढरे बूट घालून नाच शिकवणारे मास्तर आज घरातल्या सपाता घालून आले होते. त्यांनी ऑल्डनकडे पाहिलं, त्याच्या मागच्या पंखेवाल्या बायकांकडे पाहिलं, उरलेला गोळा कुंडीत टाकला आणि उठले.

"या कॅप्टन, उशीर केलात. आज बँड नाही, नुसता सराव." मग त्यांनी वरच्या गॅलरीकडे हाक मारली, "चायो, स्पीकर आण गं!"

"कसला सराव?" त्यांची बायको वरून म्हणाली.

"नेहमीचा."

चायोने खाली जमलेली माणसं पाहिली. "आणते," ती म्हणाली, आणि एप्रनसकट, बाजाराच्या पिशवीत स्पीकर घालून खाली आली. "घरातला नळ आठ दिवस गळतोय," तिने व्हर्नाला ऐकवलं, "त्याला मास्तरांना सवड नाही. नाचायला बोलवा, मेलेले उठून येतील."

"वॉशर गेला असेल," ऑल्डन लगेच म्हणाला. "नंतर बघतो मी."

स्पीकर बाकावर ठेवला आणि क्लॅरिनेटचा सूर निघाला. दान्सोन हा घाईचा नाच नाही. फरशीच्या लहानशा चौकोनात पावलं टाकायची, आणि पहिली धून परत आली की सगळ्यांनी थांबायचं. जोडीने बँडकडे तोंड करून उभं राहायचं, बायकांनी वारा घ्यायचा, आणि ठोके मोजून पुन्हा सुरुवात करायची. नवखे नेमके तिथेच फसतात.

धून परत आली. सगळी मंडळी बाकावरच्या स्पीकरकडे तोंड करून अदबीने उभी राहिली.

"आज बुधवार आहे ना?" ऑल्डनने समोर बघतच विचारलं.

"हो."

"यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी आले."

"आले." व्हर्नाला रडू येत होतं. पंखा होता म्हणून बरं.

"गुन्नार रुतला तोही माझ्यामुळेच."

तिने मान डोलावली.

"उद्यापासून भरती-ओहोटी तू वाच," तो म्हणाला. "भरती चुकली की बोटी बुडतात. गमतीजमती मात्र मीच सांगणार."

"आणि वार चुकला तर?"

"तर बुधवारी नाचू."

गुन्नार एक ठोका आधीच निघाला आणि त्याने बायकोच्या पायावर पाय दिला. व्हर्ना मनात मोजत होती, ऑल्डनला खूण करावी लागेल म्हणून. तिचा शेवटचा आकडा मोजून व्हायच्या आत त्याने तिचा हात उचलला आणि डावं पाऊल बरोबर ठोक्यावर टाकलं.