येतो म्हणून

प्रतिभाने मेंदूसारखं शिकणारं सर्किट करायला घेतलं, तेव्हा ज्ञानेशने बायकोची मनसोक्त थट्टा केली. इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवून बाई दमल्या, आता तारांना शिकवणार! पण दाराच्या लॅचला वायर जोडून दिली ती त्यानेच.

टेबलावरच्या माइकला एखादा आवाज आला आणि लगेच लॅचचा खटका वाजला, की त्या दोघांमधला जोड थोडा घट्ट व्हायचा. नुसताच खटका आला की थोडा सैल. मेंदूतही असंच होतं, असं ती सांगे. जोड घट्ट झाला की त्या दोघांपैकी एकटं कुणी आलं तरी हिरवा दिवा लागायचा. वीज गेली तरी ही आठवण पुसली जात नसे.

शिकवणी रोज सकाळी चाले. ज्ञानेश कांद्याच्या व्यापारासाठी चांदवडला निघे, दारातून "येतो" म्हणे आणि लॅच खट्‌ वाजे.

सत्याण्णवच्या डिसेंबरात तो असाच "येतो" म्हणून गेला आणि हायवेवर ट्रकखाली आला. त्या सकाळी प्रतिभा टेबलाशी सर्किटच्या तारांना सोल्डरिंगचे डाग देत बसली होती. आपण "या" म्हणालो की नाही, हे तिला काही केल्या आठवेना. जाणाऱ्याला "या" म्हणायचं असतं, एवढीशी गोष्ट. तीही आपल्याला जमली नाही, या विचाराने ती आतून पोखरली गेली. वर त्याचं ते नेहमीचं चिडवणंही आठवे, की तुला "या" म्हणायलाही फुरसत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. तेरा दिवस उघडंच असलेलं दार तिने ओढलं, लॅच वाजलं आणि टेबलावर हिरवा दिवा लागला. सर्किटच्या हिशेबाने तो आत्ताच दारात उभा राहून बोलला होता.

पण प्रत्येक नुसत्या खटक्याबरोबर दिवा मंद होत चालला, तशी ती घाबरली. हाही गेला तर? तिने लॅच लावणंच सोडलं. दाराला आतून खुर्ची टेकवून ती घरात बसू लागली. नणंद छाया येऊन काळजीने रागावली, पण वहिनीपुढे तिचं काही चाललं नाही.

शेवटी प्रतिभाने छायाच्या मुलाच्या बारशाची कॅसेट मागवली. तीत निघताना ज्ञानेश बोललेला होता. त्याच्या आवाजाने जोड पुन्हा घट्ट करता येईल, अशी तिला आशा होती.

दुपारी तिने टेपरेकॉर्डर दारापाशी ठेवला. गलका, पाळणा, भांड्यांचा आवाज, आणि मग अगदी स्पष्ट तो म्हणाला, "चला, येतो."

दिवा लागला नाही.

तिने कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली, टेपरेकॉर्डर पार माइकपाशी आणला. नाहीच. तिला रडू फुटलं. तिसऱ्यांदा तो "येतो" म्हणाला आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडून निघालं, "या."

हिरवा दिवा लागला. मंद, पण लागला.

ती बघतच राहिली. माइक तिच्या हाताशी होता, ज्ञानेश लांब दारात असे. सर्किट त्याचा आवाज शिकलंच नव्हतं, तिचा शिकलं होतं. मान वर न करता, दारापर्यंत ऐकूही जाणार नाही इतकं हळू, ध्यानीमनी नसताना, ती रोज त्याला "या" म्हणत आली होती.

रोज. पण त्या सकाळी? ते दिव्याला विचारून कळणार नव्हतं.

तिने खुर्ची बाजूला केली आणि लॅच लावलं. मग टेबलाशी बसून, दाराकडे नीट बघत, ती मोठ्याने म्हणाली, "या."