अपेक्षा कुणाशी बोलते

अपेक्षा अडीच वर्षांची झाली तरी तिनं निशाला एकदाही आई म्हणून हाक मारली नव्हती. शेवटी निशानं वाळूजच्या कंपनीतून रजा काढली आणि पोरीला दवाखान्यात नेलं. कानांची तपासणी झाली. कान ठणठणीत निघाले.

"दिवसभर कुणापाशी असते ही?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"आत्यांपाशी. मिस्टरांच्या आत्या, कडूबाई. मी सकाळी सातलाच निघते."

"बोलतात का त्या हिच्याशी?"

कडूबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं.

पहिल्या तीन वर्षांत मेंदू झपाट्यानं घडतो, तेव्हा मुलाशी जितकं बोलाल तितकं बरं, असं मॅडम सांगत राहिल्या. निशाच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली. आपण पोरीला मुक्या घरात वाढवलं.

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं, बुद्धभूषणनं, आत्यांना गावाकडं, कन्नडला, आपल्या थोरल्या भावाकडं नेऊन सोडलं. का, ते आत्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? जेवण, पाणी, ये, जा, यापलीकडच्या खुणा नवरा-बायको दोघांनाही येत नव्हत्या.

अपेक्षाला गल्लीतल्या बालवाडीत घातलं. संध्याकाळी निशा घरात पाऊल टाकल्यापासून बोलत सुटायची. "हा भात. ही वाटी. म्हण, वाटी." पोरगी तिच्या तोंडाकडं बघायची, मग दाराकडं. तिचं जेवण निम्म्यावर आलं. निशाला कळेना, ही रुसली, आजारी पडली की आपलंच काही चुकतंय.

दुसऱ्या रविवारी थोरल्या जावेनं, सोनियानं, व्हिडिओ कॉल लावला. फोनवर कडूबाई दिसल्या आणि अपेक्षाचे हात सुटले. बोटं कपाळाला, मुठीवर मूठ, गाल फुगवून मान हलवणं. मग तिनं खरचटलेला गुडघा दाखवला, आपल्या पाठीवर हात नेला आणि पुढं कोलमडून दाखवलं. निशा चरकली. हिला कुणीतरी ढकललं होतं? बालवाडीच्या बाई तर घसरली म्हणाल्या होत्या. तेवढ्यात पोरीनं निशाकडं बोट केलं, तोंडासमोर बोटं भराभर उघडली-मिटली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तिकडून कडूबाई निशाकडं बघत राहिल्या.

"काय म्हणली ही माझ्याबद्दल?" निशानं विचारलं.

"मला काय ठाव बाई?" सोनिया म्हणाली. "त्या दोघींचं त्यांनाच कळतंय."

निशानं डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आत्यांना काढा असं मी कुठं म्हणाले? ही पण भाषाच आहे. ती राहू द्या. तुम्ही तुमचं बोलणं वाढवा."

पोरगी मागं पडली होती, की तिला दोन भाषा येत होत्या आणि आईलाच एक येत नव्हती? दुसऱ्या दिवशी अपेक्षाला घेऊन ती कन्नडच्या एसटीत बसली.

कडूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. अपेक्षा पळत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. निशा समोर टेकली. "आत्या, चुकलं माझं. घरी चला." कडूबाई नुसत्या तिच्या ओठांकडं बघत राहिल्या. निशानं हात हलवले, पण ते तिचं तिलाच समजलं नाही.

तेव्हा अपेक्षानं आईकडं एकदा नीट बघितलं आणि आत्यांकडं वळली. आईकडं बोट, छातीवर मूठ, मग दोन्ही हातांनी ओढून आणल्यासारखं. चुकलं, घरी चला: निशाचंच वाक्य होतं ते. आपला शब्द न् शब्द हिला कळत होता!

कडूबाईंनी बराच वेळ उत्तर दिलं. हात जोरात हलत होते आणि डोळे भरले होते. अपेक्षानं ते सगळं बघून घेतलं आणि तसंच्या तसं, हातांनीच, आईला सांगितलं.

"मला नाय ना कळत, बाळा," निशा रडकुंडीला आली. पोरीनं तिचा हात ओढला आणि तिची बोटं एकेक करून वाकवायला लागली.

कडूबाई उठून आत गेल्या. रागावल्या की तयार झाल्या, कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं त्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या.

आता अपेक्षा चौदा शब्द बोलते. त्यात "आई" आहे. निशाला वीसेक खुणा येतात. पण रविवारी आत्या आणि अपेक्षा भराभर हात हलवून हसायला लागल्या, की निशा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "काय झालं? मला पण सांगा की!"