सोडलेला वाटा

करडीच्या फाट्यावर एसटीतून उतरतानाच ज्योत्सनाचे पाय नको म्हणत होते. इथल्या ढिवरटोलीतल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या, मुलांना दर शनिवारी शिकवायचं म्हणून भंडाऱ्याच्या कॉलेजातून चांगली सहा पोरंपोरी निघाली होती. उद्घाटनाच्या दिवशी तर फोटोत मावत नव्हती. मग एकाला ऊन बाधलं, एकीचं लग्न ठरलं, बाकीच्यांना एकाएकी अभ्यास आठवला. उरली एकटी ज्योत्सना. तिचीही शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती, आणि थकवा असा की झोप काढूनही जात नव्हता. वर्ग बंद करते, एवढं आज सांगायचं आणि परतीची गाडी धरायची, असं ठरवूनच ती आली होती.

अडचण होती दामिनीची. सहावीतल्या या पोरीला दिवाळीपर्यंत धड अक्षरं ओळखता येत नव्हती. शाळेत तिला मागच्या बाकावर बसवून सगळे मोकळे झाले होते. आता कुठे ती बोट ठेवून ओळ वाचू लागली होती. जोडाक्षर आलं की अडायची, पण पुस्तक मिटायची नाही. आपण हात सोडला की ही परत मागच्या बाकावर जाणार, हे ज्योत्सनाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर सांगायचं लांबत गेलं होतं.

समाजमंदिरात आज चिटपाखरू नव्हतं. सगळी टोली बोडीवर गेली होती. उन्हाळ्यात या तळ्याचं पाणी उतरलं की घराघरातली माणसं मिळून जाळं ओढतात, ती ओढणी आज होती. तिला कोणी कळवलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

ती तिकडेच गेली. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मासळीचे सारखे ढीग मांडले होते, घरागणिक एक. टोलीतले जाणते फकिराकाका वाटे लावत होते. तिला पाहून त्यांनी टोकाच्या ढिगाकडे बोट केलं.

"हा तुमच्या शिकवणीचा वाटा, बाई."

ज्योत्सना संकोचली. यांच्या तोंडचा घास आपण कसा न्यायचा?

"नको हो काका, मी नाही नेत. तुम्हीच वाटून घ्या."

पाळीवरचे सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. दामिनीची आई बेबीबाई हातातला मासा तसाच धरून उभी राहिली.

"काय झालं?" ज्योत्सनाने विचारलं.

"काही नाई वो," बेबीबाई म्हणाली. "आमच्यात वाटा घेते तो पुढच्या ओढणीले येते. वाटा सोडला मंजे सोबत सोडली."

चिखलाने भरलेल्या पायांनी दामिनी पुढे आली. "मंजे तू आता येत नाईस, ताई."

ज्योत्सनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेच सांगायला आले होते गं. परीक्षा आहे. आणि थकले मी, खरंच थकले."

कोणीतरी रागवेल असं तिला वाटलं होतं. कोणी रागावलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

"बस वो जराशी," बेबीबाई म्हणाली. "थकतेच मानूस."

सोडलेला वाटा टोलीत कोणी घरी नेत नसे, तो पाण्यातच परत जायचा. दामिनीने वाकून दोन रोहू उचलले आणि ती पाण्याकडे निघाली.

"थांब," ज्योत्सना म्हणाली. "दर शनिवारी नाही होणार माझ्याच्याने. महिन्यातून एकदा येईन. त्याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल."

दामिनी तिथेच थबकली आणि फकिराकाकांकडे बघू लागली. त्यांनी थोडा विचार केला. मग उकिडवे बसून ज्योत्सनाच्या ढिगातले निम्मे मासे काढले आणि एकेक करून बाकीच्या ढिगांवर टाकले.

"मंग सोडला नाई, अर्धा वाटा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना हसू.

दामिनीने तो अर्धा वाटा पळसाच्या पानांत बांधून दिला.

"महिनाभरात मी विसरून जाईन ना, ताई."

खोटं बोलायचं नाही, असं आत्ताच सगळ्यांसमोर म्हणून झालं होतं.

"अर्धं विसरशील," ज्योत्सना म्हणाली. "अर्धं राहील."

दामिनीने पुडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली, आणि ज्योत्सनाला सोडायला ती फाट्यापर्यंत सोबत निघाली.