पिवळ्या पायाची कुबडी

मी एक कुबडी बोलतेय. सगळं बरोबर आठवतंय असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही; मला छातीही नाही आणि हातही. माझ्या तळाचं रबरी बूच नेमकं कधी आणि कुठं पडलं, हेच मला आठवत नाही.

दिव्यांगांच्या एका शिबिरातून मी कुरुंद्याच्या गोजरबाईच्या काखेत आले. तिचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच अधू झालेला. मला वाटलं, आता देवळापर्यंत सावकाश जाणं-येणं. तिनं मला थेट हळदीच्या वावरात नेलं. सरीवर बसून, सरकत सरकत ती बेणं लावायची. मी शेळ्या हाकलायची.

काढलेली हळद वाळवण्याआधी कढईत उकडतात; ती शिजली का, हे पाहायला लोक काडी खुपसतात. गोजरबाई खांबाला टेकून मलाच खुपसायची. त्यामुळं दरवर्षी मला हळद लागते, लग्न मात्र ठरत नाही. तिचंही नाही. तो विषय आम्ही दोघी काढत नाही.

तिचा धाकटा भाऊ विश्वंभर वेगळाच विषय काढायचा. "आक्का, वावर मला दे. दोन टाइम जेवायला घालतो. एका पायानं काहून तकलीफ करून राहिलीस?"

"हळद काय मी पायानं लावते व्हय रे? यंदाची कच्ची निघाली, तर वावर तुझं."

हळद वाळल्यावर विश्वंभर ढिगापुढं बसला. नीट शिजून वाळलेली हळद कट्कन मोडते. त्यानं जाडजूड गड्डा निवडून दाताखाली धरला. मोडेना. दगडानं ठेचला, तर दगडच उडाला.

"वातड! कच्ची हाय, आक्का! वावर माझं!"

"एका गड्ड्यावर? बाकीचे मोड की. दात हायेत ना?"

तो दुपारपर्यंत मोडत बसला. सगळे कट्कन मोडले. वावर राहिलं, त्याची दाढ तेवढी हलली. पण तो वातड गड्डा त्यानं कोनाड्यात जपला. आल्यागेल्याला दाखवायचा, "ही आमच्या आक्काची हळद!"

मला मात्र घोर लागला. कढईत खुपसलं होतं ते मलाच. एक गड्डा कच्चा राहिला, तर चूक माझीच ना? पुढं दरवर्षी मला उगाच वाटायचं, अजून एकदा खुपसा मला, खात्री नाही.

बऱ्याच वर्षांनी विश्वंभरच्या लेकीचं, शिवकन्येचं, लग्न निघालं. हळद कुटायला उखळ मांडलं. हळकुंडं कमी पडली, म्हणून त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, कोनाड्यातला गड्डाही उखळात टाकला. मुसळ मारलं आणि ते उसळून तिच्याच कपाळाला लागलं.

"अगं माय! काय म्हणावं हिला?"

बायकांचं गाणं थांबलं. गोजरबाईनं गड्डा बाहेर काढला. मारानं त्यातला वाळलेला चिखल निसटला होता आणि आत गोल भोक दिसत होतं. तिनं मला आडवं घेतलं आणि गड्डा माझ्या तळाला लावला. बरोबर बसला.

"इश्वंभर," ती म्हणाली, "कितीबी शिजव, ही मऊ व्हायची न्हाई."

त्या दिवशी पक्कं कळलं. त्या वर्षी आमची हळद शेवटच्या गड्ड्यापर्यंत शिजली होती. विश्वंभरनं चावलं होतं ते माझं बूच.